अंडरमाउंट सिंक (दगडाच्या आणि सॉलिड सरफेसच्या ओट्याला बसवणं)

अंडरमाउंट सिंक म्हणजे ओट्याला खालच्या बाजूने बसवलेलं सिंक. वरून बसवायच्या सिंकची कड दगडावर टेकते म्हणून त्याचं वजन आपोआप दगड घेतो, पण अंडरमाउंटची कड दगडाच्या खाली जाते, म्हणजे ते अधांतरी लटकलेलं असतं, त्यामुळे ते कशावर टेकवलंय किंवा कशाला अडकवलंय हा या कामातला सगळ्यात मोठा प्रश्न. फायदा मात्र रोजचा आहे, ओट्यावरचं पाणी, कणकेचं पीठ, मेथीची देठं फडक्याने सरळ सिंकमध्ये लोटता येतात, मध्ये कड आडवी येत नाही.

वजनाचा हिशोब आधी करून बघावा. आतून २२ बाय १६ इंच आणि ८ इंच खोल असं सिंक काठोकाठ भरलं तर साधारण ४५ लिटर पाणी मावतं, म्हणजे ४५ किलो, वर सिंकचं स्वतःचं वजन आणि त्यात भिजत घातलेला कुकर नि कढई. एवढा भार नुसत्या सिलिकॉनवर सोडणं चूकच आहे. सिलिकॉन पाणी अडवायला असतं, वजन धरायला नाही, आणि हे मी इतकं ठासून लिहितोय कारण कोथरूडला आमच्या नात्यातल्या एका घरी फिटरने क्लिपा न लावता फक्त सिलिकॉनवर सिंक चिकटवून दिलं होतं, गौरी जेवणाच्या दुसऱ्या दिवशी पितळी पातेली भिजत घातली आणि मागचा कोपरा अर्धा सेंटीमीटर खाली उतरला. वरून काहीच दिसत नव्हतं, खालच्या कपाटाचा प्लाय फुगायला लागला तेव्हा कळलं, फटीत बोटाचं नख सहज जात होतं.

पुण्यात जुन्या पद्धतीच्या ओट्याला खाली कडप्पा आणि वर ग्रॅनाइट असतं. (कडप्पा हा आंध्रातल्या कडप्पा भागातला काळा दगड, नाव गावावरूनच पडलं.) अशा ओट्यात सिंकची कड कडप्प्यावर टेकवून वरून ग्रॅनाइट बसवतात, म्हणजे भार कडप्पा घेतो आणि सिंक हलायचा प्रश्नच येत नाही. ही पद्धत भक्कम आहे, फक्त पुढे सिंक बदलायचं झालं तर ग्रॅनाइट उचलावं लागतं आणि उचलताना ते बहुतेक वेळा तुटतंच. मॉड्युलर किचनमध्ये खाली कडप्पा नसतो, नुसती प्लायची कपाटं आणि वर १८-२० मिलीमीटरचा दगड, तिथे वेगळा आधार द्यावाच लागतो.

आधार दोन तऱ्हेने देतात. एक म्हणजे खालून, कपाटाच्या दोन्ही बाजूंना वॉटरप्रूफ प्लायच्या पट्ट्या किंवा अॅल्युमिनियमचे अँगल स्क्रूने ठोकून त्यावर सिंकची कड टेकवायची, माझ्या मते हाच जास्त भरवशाचा. दुसरा म्हणजे दगडालाच क्लिपा लावायच्या, सिंकभोवती मिळून सहा-आठ. त्यासाठी दगडाच्या खालच्या बाजूला डायमंड बिटने अर्ध्या जाडीपर्यंतच भोक पाडून त्यात इपॉक्सीने पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) बसवतात, किंवा स्टड थेट इपॉक्सीने चिकटवतात. फुगून घट्ट बसणारे अँकर मात्र कडेजवळ वापरू नयेत, दगड फुटतो.

चिकटवण्यात फसतं ते साफसफाईत. स्लॅबच्या पाठीला बऱ्याचदा रेझिनमध्ये बसवलेली फायबरची जाळी असते, क्लिप त्या जाळीवर चिकटवली तर जाळीची पकड सुटली की क्लिपही सुटते, म्हणून तेवढ्या जागेपुरती जाळी घासून काढावी. कटिंगची रबडी पूर्ण धुवून, वाळवून, मग स्पिरिटने पुसावं. इपॉक्सीला ओला दगड चालत नाही आणि ती थंडीत हळू वाळते, त्यामुळे डिसेंबरात केलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी लगेच लोड करू नये. सिलिकॉनचं उलटं आहे, ते हवेतल्या दमटपणावरच पिकतं. ते न्यूट्रल क्युअरचं घ्यावं, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं असेल तर ते संगमरवराला खातं. बोहरी आळीत दोन्ही मिळतात, ट्यूबवर वाचून घ्यावं.

बसवताना कडेवर सिलिकॉनची एक अखंड वळी फिरवायची, कुठेही तुटता कामा नये. मग ओट्यावर आडवी लाकडी पट्टी टाकून, सिंकच्या वेस्टच्या, म्हणजे पाणी निघून जायच्या, भोकातून क्लॅम्प घालून सिंक वर ओढून धरायचं, सगळीकडून थोडं थोडं सिलिकॉन बाहेर आलं की कड नीट दबली असं समजायचं. त्यानंतर क्लिपा किंवा पट्ट्या आवळायच्या आणि किमान २४ तास क्लॅम्प तसाच ठेवायचा. वेस्ट कपलिंग आणि पाइप त्यानंतर जोडायचे, घाईत आधी जोडले की पाइपच्या ताणाने सिंक सरकतं. सिंकपुढची दगडाची पट्टी अरुंद असते, तिला मजबुतीसाठी खालून खाच पाडून सळई घालतात ती स्टेनलेसची किंवा फायबरची असावी, साधी लोखंडी गंजून फुगते नि दगड तडकवते.

सॉलिड सरफेसचं वेगळं आहे. हे कारखान्यात बनवलेलं ओट्याचं मटेरियल, ड्यूपॉन्ट कंपनीने १९६७ मध्ये ‘कोरियन’ (Corian) नावाने ते शोधलं, त्यात अॅक्रिलिक आणि अॅल्युमिना ट्रायहायड्रेट असतं, शीट साधारण १२ मिलीमीटरची. यात थेट स्क्रू मारायचा नाही, पितळी इन्सर्टच बसवायचे. कटआउटचे कोपरे काटकोनात ठेवू नयेत, गोल करून घासून गुळगुळीत करावेत, कारण उकळतं पाणी ओतलं की मटेरियल प्रसरण पावतं आणि तडा कोपऱ्यापासूनच सुरू होतो. सिंक त्याच मटेरियलचं असेल तर रंग जुळणाऱ्या अॅक्रिलिक अॅडेसिव्हने जोडून सँडिंग करतात, सांधा दिसतसुद्धा नाही.

क्वार्ट्झच्या (क्वार्ट्झची भुकटी रेझिनमध्ये घट्ट करून बनवलेल्या दगडाच्या) ओट्याला दगडाचीच पद्धत चालते, पण त्याच्या कटिंगची धूळ फुफ्फुसाला फार घातक, ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड वापरायला बंदीच घातली. आपल्याकडे फ्लॅटच्या बाल्कनीत कारागीर तोंडाला रुमाल बांधून कोरडं कटिंग करतात, ते थांबवून पाणी सोडून कटिंग करायला सांगावं आणि चांगला मास्क आपणच आणून द्यावा.

उतरलेलं सिंक पुन्हा बसवता येतं. खालून जॅक किंवा लाकडी टेकू देऊन भार काढायचा, जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडायचं, कारण जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, आणि या वेळी आधाराच्या पट्ट्या लावल्याशिवाय टेकू काढायचा नाही. कोथरूडच्या घरी असंच केलं, काम अर्ध्या दिवसाचं होतं, प्लाय मात्र बदलावा लागला.