अभिजात कॉमिक्सचे पुनर्मुद्रण

बाजारातून नाहीसे झालेले कॉमिक्सचे जुने अंक मूळ चित्रे, मूळ मजकूर आणि मूळ निर्मात्यांची नावे राखून पुन्हा छापण्याचे काम. नव्या आवृत्तीत प्रकाशक सोयीप्रमाणे रंग बदलतो, चौकटी गाळतो, संवाद नव्याने लिहून घेतो. पुनर्मुद्रणात चित्रकाराने पान जसे योजले तसेच ते वाचकाच्या हाती पडावे असा आग्रह असतो. हा आग्रह पाळणे किती कठीण आहे ते जुना अंक उघडून बसल्याशिवाय लक्षात येत नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयाच्या केंद्रस्थानी इंद्रजाल कॉमिक्स आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. ली फॉक यांनी १९३६ मध्ये अमेरिकेतील वृत्तपत्रांसाठी निर्माण केलेला फॅंटम तिच्यातून मराठीत ‘वेताळ’ म्हणून आला. मागोमाग मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि रिप कर्बी हे अमेरिकी पट्ट्यांतले नायक आले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर हा पूर्णपणे भारतीय नायक दाखल झाला. १९९० मध्ये मालिका बंद पडली.

वेताळच्या गोष्टी भारतात जशाच्या तशा छापल्या गेल्या नव्हत्या. मूळ कथेतल्या देशाचे नाव बंगालशी जुळते म्हणून इथे ते डेंकाली झाले. सिंग नावाचे समुद्री चाचे सिंगा झाले आणि वेताळच्या वडिलांचा मारेकरी रामा हा रामालू झाला. वर्तमानपत्रात रोज येणाऱ्या तीन-चार चौकटींच्या पट्ट्या पुस्तकाच्या पानात बसवताना चौकटी कापल्या गेल्या, काही गळाल्या. मग पुनर्मुद्रण करायचे ते कशाचे? अमेरिकी पट्टीचे की इंद्रजालच्या अंकाचे? संग्राहकांमध्ये यावर मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही स्वतंत्र कृती आहेत. बी. गोविंद यांनी रंगवलेली सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठे, मराठी संवाद आणि डेंकालीचे जंगल हे सारे इथेच घडले. अमेरिकी मूळ कितीही शुद्ध स्वरूपात मिळाले तरी ते त्याची जागा घेऊ शकत नाही.

हे अंक मराठी घरांत कसे वाचले गेले आणि कसे नाहीसे झाले ते नागपूरच्या उदाहरणावरून दिसते. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. मराठी आणि हिंदी या शहरात शेजारी-शेजारी नांदतात आणि त्याचा परिणाम कॉमिक्सच्या वाचनावर झाला. एकाच घरात मराठी इंद्रजाल, अमर चित्रकथा (१९६७ पासून) आणि चांदोबा यांच्या जोडीला दिल्लीहून येणारे डायमंड कॉमिक्सचे चाचा चौधरी आणि राज कॉमिक्सचे नागराज व सुपर कमांडो ध्रुव वाचले जात. रेल्वे स्थानकावरचे पुस्तकांचे स्टॉल, भाड्याने कॉमिक्स देणारी मोहल्ल्यातली छोटी दुकाने आणि सीताबर्डीच्या पदपथावरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते, असा या अंकांचा प्रवास असे. रंगीत छपाई शहराला अनोळखी नव्हती. धनवटे कुटुंबाचा शिवराज फाइन आर्ट लिथो वर्क्स हा छापखाना त्यासाठी नावाजलेला होता. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या, टीव्ही रात्री उशिरापर्यंत चालू राहू लागला, भाड्याची दुकाने मिटली आणि त्यांचे गठ्ठे रद्दीत गेले. जे वाचले ते ट्रंकांमध्ये आणि माळ्यावर.

नागपूरचा उन्हाळा या कागदाचा वैरी आहे. कॉमिक्स स्वस्त वृत्तपत्री कागदावर छापली जात. या कागदातले लिग्निन (लाकडाच्या लगद्यातून येणारा घटक) हवा, ऊन आणि उष्णतेने पिवळे पडते, आम्ल तयार होते आणि पान ठिसूळ होते. पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या अंकाची कड बोट लावताच भुग्यासारखी सुटते. मधल्या दोन पिना गंजतात आणि त्यांच्याभोवती तपकिरी डाग पसरतो. वाचनालयाचा जांभळा शिक्का नेमका नायकाच्या चेहऱ्यावर पडलेला असतो. पुनर्मुद्रण करणाऱ्याच्या हाती पुष्कळदा एवढेच उरते, कारण चित्रांची मूळ पाने आणि छपाईच्या फिल्म कोणी जपलेल्या नसतात.

अशा अंकावरून काम करताना आधी पिना काढून पाने सुटी करतात आणि मोठ्या रेझोल्युशनला स्कॅन करतात. पातळ कागदातून मागच्या बाजूचे चित्र डोकावते, ते पुसावे लागते. चार रंगांच्या ठशांचे रजिस्टर, म्हणजे एकमेकांवर नेमके बसण्याची जुळणी, हललेले असेल तर लाल ओठाबाहेर येतो आणि निळा मुखवट्याबाहेर. तो जागेवर आणतात. खरी परीक्षा इथे सुरू होते. संगणकावर काळी रेषा फार स्वच्छ केली की कुंचल्याचा जाड-बारीकपणा मरतो. रंगांचे ठिपके पुसून गुळगुळीत छटा भरल्या की १९६५ चे पान कालच काढल्यासारखे दिसते. भडक, सपाट रंग वृत्तपत्री कागदात शाई जिरेल हे गृहीत धरूनच निवडलेले असत. तेच चकचकीत आर्ट पेपरवर छापले की डोळ्यांना टोचतात. म्हणून चांगले प्रकाशक अशा कामाला मॅट किंवा किंचित पिवळसर कागद घेतात. मराठी अंकांत आणखी एक अडचण आहे. संवादांच्या फुग्यांमधली हाताने काढलेली अक्षरे हा चित्राचाच भाग असतो. त्यांच्या जागी संगणकाचा फाँट टाकला की रांगडा दरोडेखोर आणि लहान मूल एकाच आवाजात बोलू लागतात.

या कामाचे उत्तम नमुने अमेरिकेत दिसतात. फॅंटाग्राफिक्स या प्रकाशनाने ‘पीनट्स’ या वृत्तपत्री मालिकेची सगळी पट्टी २००४ ते २०१६ या काळात क्रमवार ग्रंथरूपाने छापली. आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने २०१० पासून मूळ चित्रफलक प्रत्यक्ष आकारात आणि रंगीत स्कॅनवरून छापले. त्यांत निळ्या पेन्सिलीच्या रेघा, पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका आणि चिकटवलेले कागदही दिसतात. भारतात शिवकाशीच्या मुत्तू कॉमिक्स (१९७२) आणि लायन कॉमिक्स (१९८४) यांनी तमिळ वाचकांसाठी जुन्या कथा पुन्हा छापण्याची परंपरा जपली आहे. राज कॉमिक्सचे जुने अंकही संग्राहकांसाठी पुन्हा निघतात आणि नागपुरात ते घेणारे वाचक आहेत.

मूळ कृतीबद्दलच्या आदराचा दुसरा भाग श्रेयाचा आहे. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये १३० डॉलरला हक्क विकले. त्यांची नावे छापण्याचे आणि त्यांना वार्षिक मानधन देण्याचे प्रकाशकाने मान्य केले ते १९७५ मध्ये. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ नुसार मालकी प्रकाशकाकडे गेली तरी कलम ५७ खाली कृतीवर आपले नाव लागण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा हक्क निर्मात्याकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाबद्दल शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल दिला, तो याच कलमावर. मराठी कॉमिक्सचे अनुवादक आणि अक्षरलेखक मात्र बहुतेक निनावीच राहिले. पुनर्मुद्रणाच्या निमित्ताने त्यांची नावे शोधून छापली गेली पाहिजेत. हे काम चित्र स्वच्छ करण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

जुन्या कथांमध्ये वसाहतवादी नजर आहे. जंगलातले लोक भाबडे आणि गोरा नायक त्यांचा तारणहार, ही मांडणी आज खटकते आणि खटकायलाच हवी. अशी पाने गाळण्यापेक्षा प्रस्तावनेत काळाचा संदर्भ स्पष्टपणे द्यावा. ‘टिनटिन इन द काँगो’ या बेल्जियन कॉमिक्सच्या इंग्रजी आवृत्तीत ही पद्धत वापरली गेली. जाहिरातींनाही हेच लागू पडते. पॉपिन्सच्या गोळ्यांची राम आणि श्याम यांची जाहिरात हीसुद्धा त्या अंकाची, त्या काळातल्या मुलाच्या खिशातल्या पैशांची नोंद आहे.

हिंदीच्या तुलनेत मराठी कॉमिक्सचे पुनर्मुद्रण फार थोडे झाले आहे. त्यामुळे या कॉमिक्सचा मराठी मजकूर आज मुख्यतः खासगी संग्रहांवर तगून आहे. ज्यांच्या घरी असे अंक आहेत त्यांनी ते लॅमिनेट करू नयेत, सेलोटेप लावू नये, गठ्ठा दोरीने आवळू नये. आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून ते घराच्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत आडवे ठेवावेत. पावसाळ्यात दमट हवा आणि कसर यांच्यासाठी अधूनमधून तपासावेत. पाने सुटी करण्याआधी मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि प्रकाशनाचा तपशील असलेले पान आहे त्या स्थितीत स्कॅन करून घ्यावे, कारण अनुवादकाचा किंवा चित्रकाराचा माग लागलाच तर बहुधा तिथल्या बारीक टाइपातूनच लागतो.