बॅटरी उतरली की बॅटरी गेली?

पॉवर व्हीलचेअर वापरणाऱ्या ओळखीच्यांपैकी कुणाचा तरी फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, बॅटरी डाउन झाली." मी विचारते, उतरली की गेली? पलीकडे शांतता.

उतरलेली बॅटरी भरायची असते, गेलेली बदलायची असते. मराठीत दोन सरळ शब्द होते, पण 'डाउन'नं दोन्ही एकाच पोत्यात कोंबले. मग कुणी चांगल्या बॅटऱ्या भंगारात देऊन नव्या आणतो. कुणी गेलेल्या बॅटरीला रात्ररात्र चार्जर लावून "आज जरा सुधारल्यासारखी वाटते" म्हणत बसतो आणि एक दिवस सोसायटीच्या रॅम्पवर अर्ध्यात अडकतो. मी चौदा वर्षं अशा खुर्चीत बसते आहे, ही माझी तिसरी. हा दुसरा प्रकार मी स्वतःही केलाय, म्हणून जरा तावातावाने लिहिते आहे.

बोलते आहे ते शिशाच्या सीलबंद बॅटऱ्यांबद्दल, म्हणजे एजीएम किंवा जेल या जातींच्या. बहुतेक पॉवर खुर्च्यांत सीटखाली १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि खुर्ची २४ व्होल्टवर चालते. लिथियमचं शेवटी.

उतरलेल्या बॅटरीबद्दल फार सांगायला नको, मोबाइलने ते सगळ्यांना शिकवलंय. दिवसभर फिरलात, जॉयस्टिकवरचे दिवे हिरव्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून लाल्यात आले, रात्री चार्जर लावला, सकाळी सगळे दिवे परत. संपलं. ही बॅटरी हळूहळू उतरते आणि चार्जिंगला तिचा पूर्ण वेळ घेते. या दोन गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा, पुढे लागतील.

खरा घोळ इथून सुरू होतो. गेलेली बॅटरीसुद्धा चार्ज होते. चार्जरचा दिवा हिरवा होतो, जॉयस्टिकवर सगळे दिवे लागतात, व्होल्टेज मोजायचा मीटर लावला तर आकडाही झकास येतो. माणूस म्हणतो, "बॅटरी तर फुल्ल आहे, मग मोटर गेली असणार." आणि मोटर उघडायला बसतो.

पावसाळ्यात आपण धरणांच्या बातम्या वाचतो. पाणी कुठवर चढलं ती पातळी, आणि पोटात पाणी किती मावलंय तो साठा. धरणात वर्षानुवर्षं गाळ साचत गेला तर पातळी तीच दिसते, भिंतीला पाणी तेवढंच टेकतं, पण साठा घटलेला असतो. दरवाजा उघडला की पातळी झरकन खाली. बॅटरीत व्होल्टेज ही पातळी आणि एएच, म्हणजे लेबलवरचे अँपिअर-अवर, हा साठा. जॉयस्टिकवरचे दिवे फक्त पातळी मोजतात. गाळ मोजणारा दिवा साध्या खुर्चीवर नसतो.

बॅटरीतला हा गाळ म्हणजे लेड सल्फेट. बॅटरी वापरली की प्लेटवर ते तयार होणारच, चार्ज केली की विरघळणारच. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिली, किंवा रोज अर्धवटच चार्ज होत राहिली, तर त्याचे टणक खडे होतात आणि ते चार्जरला दाद देत नाहीत. तेवढी प्लेट कामातून जाते. ४० एएचची बॅटरी हळूहळू १५ एएचची होते आणि वर लेबल ४०चंच राहतं. शिवाय तिचा आतला विरोध वाढतो, म्हणून मोटरने जास्त करंट मागितला की व्होल्टेज धाडकन कोसळतं.

हे इन्व्हर्टरच्या बाबतीत सगळ्यांना कळतं, याचंच मला आश्चर्य वाटतं. जुन्या इन्व्हर्टरवर "चार्ज पूर्ण" दिसत असतं आणि लाइट गेली की दहा मिनिटांत पंखा गपकन बंद. तिथे कुणी पंखा उघडून बसत नाही, सरळ म्हणतात, बॅटरी बदलायला झाली. खुर्चीपाशी आलं की तेच शहाणपण कुठे जातं कोण जाणे.

ओळखायचं कसं, ते आता सांगते. रात्रभर चार्ज करा आणि सकाळी रोजच्या चढावर जा. सपाटीवरची परीक्षा काही कामाची नाही, तिथे मेलेली बॅटरीही गोड वागते. चढावर दिवे सगळ्यातून एकदम लाल्यात आले, तुम्ही थांबलात आणि मिनिटभरात दिवे परत वर चढले, तर बॅटरीकडे बोट दाखवायला हरकत नाही. उतरलेल्या बॅटरीचे दिवे थांबल्यावर असे उड्या मारत परत येत नाहीत, एखादा आला तर आला. दिवे पडून पुन्हा उठणं ही गेलेल्या बॅटरीची खूण, आणि नेमकी हीच खूण लोक उलटी वाचतात. "थोडी विश्रांती दिली की सुधारते" म्हणे. बॅटरी काय चढून दमलेली म्हातारी आहे का!

दुसरी खूण चार्जरच्या घड्याळात असते. समजा बॅटऱ्या ४० एएचच्या, चार्जर ५ अँपिअरचा आणि दिवसभरात निम्म्या वापरल्या. हिशेबाने नुसते चार तास, आणि शेवटचा टप्पा चार्जर सावकाश भरतो म्हणून आणखी दोन-तीन. सहा-सात तास लागायलाच हवेत. तोच चार्जर पाऊण तासात हिरवा झाला तर पेढे वाटू नका. लहान तांब्या लवकर भरतो, तसं आहे ते. माझ्या पहिल्या खुर्चीच्या वेळी मी महिनाभर कौतुकाने सांगत होते की माझा चार्जर फार जलद आहे. विक्री करणाऱ्याच्या माणसानेही मान डोलावली होती.

याच्या उलटंही घडतं. चार्जर बारा-चौदा तासांनीही हिरवा होत नाही आणि दोनपैकी एक बॅटरी हाताला गरम लागते. तिच्या सहा कप्प्यांपैकी (सेलपैकी) एक आतून शॉर्ट झालेला असू शकतो. चार्जर २४ व्होल्टची जोडी भरायला बघतो, एक कप्पा भरतच नाही, आणि त्याच्या वाट्याचं व्होल्टेज बाकीच्यांच्या डोक्यावर बसतं. अशा वेळी चार्जर काढून ठेवा. बॅटरीची कड फुगलेली दिसली तर वाद संपला.

मीटर जवळ असेल तर उत्तम, पण चार्जर काढल्याकाढल्या मोजू नका. तेव्हा आकडा फुगलेला असतो, वरवरचा चार्ज असतो तो. तीन-चार तास जाऊ द्या. आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. प्रत्येकी १२.७च्या वर म्हणजे भरलेली, १२.२च्या आसपास म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. एक १२.८ आणि दुसरी १०.६ दाखवत असेल तर दुसरीचा एक कप्पा गेला, कारण सहा कप्पे प्रत्येकी दोन व्होल्टच्या थोडे वर असतात. नुसतं जोडीचं माप घेतलं तर हे २३.४ दिसतं आणि तुम्ही म्हणता, "उतरली वाटतं." म्हणजे फिरून पहिल्याच घोळात.

दोन्ही १२.८ दाखवतायत आणि तरी चढावर दिवे पडतात, तर बॅटऱ्या दुकानात न्या आणि "लोड टाकून बघा" असं स्पष्ट सांगा, म्हणजे जास्त करंट ओढताना व्होल्टेज किती टिकतं ते. नुसता मीटर टेकवून "चांगली आहे" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढचं दुकान गाठा. त्याने पातळी पाहिली, साठा पाहिलाच नाही. लोडवर एक बॅटरी १२च्या आसपास टिकली आणि दुसरी १०.५च्या खाली गेली, तर दोषी सापडली.

पण नव्या बॅटऱ्यांचे पैसे मोजण्याआधी वायरींकडे बघा, कारण चढावर दिवे पडणं हे सोंग एक तिसरा गडीही हुबेहूब आणतो. टर्मिनलचा सैल नट, त्यावर जमलेली पांढरी-हिरवी पूड, नाहीतर बॅटरीच्या प्लगमधला काळा पडलेला संपर्क. करंट कमी असताना तो चालवून घेतो, चढावर अडवतो. चढ चढून आल्यावर प्लग हाताला तापलेला लागला तर आधी तो साफ करून घट्ट बसवा. माझ्या दुसऱ्या खुर्चीच्या 'गेलेल्या' बॅटऱ्या अशा दहा रुपयांच्या पॉलिश पेपरने जिवंत झाल्या होत्या आणि पुढे दीड वर्ष चालल्या. ती साफसफाई करताना स्विच बंद, चार्जर काढलेला आणि हातातली अंगठी-बांगडी बाजूला. पाना दोन्ही टर्मिनलला एकदम टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते.

चार्जर लावला आणि दिवाच लागत नाही, तर? इथेही घाईने निकाल देऊ नका. बरेच चार्जर आधी बॅटरीत थोडंफार व्होल्टेज आहे का ते बघतात आणि नसलं तर सुरूच होत नाहीत. म्हणजे महिनोन्महिने कपाटामागे पडलेल्या खुर्चीचा चार्जर चांगला असूनही मेल्यासारखा दिसतो. त्यातले कित्येक बॅटरी जोडल्याशिवाय पिनेवर व्होल्टेजही देत नाहीत. शेजारचा इलेक्ट्रिशियन मोकळ्या पिनेला मीटर लावून "शून्य आहे, चार्जर जळाला" म्हणतो, तेव्हा त्याला चहा द्या, चार्जर देऊ नका. तोच चार्जर दुसऱ्या तशाच खुर्चीला लावून बघणं हा खरा इलाज.

बाकीचे घोटाळे किरकोळ, भराभर सांगते. खुर्ची हलतच नाही पण दिवे लागलेत: खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून मोटरवर असतो तो खटका मोकळा राहिलाय का ते बघा, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. चार्जरची पिन लावलेली असेल तर खुर्ची मुद्दामच चालत नाही. दिवे लुकलुकत असतील तर मोजा. कंट्रोलर म्हणजे जॉयस्टिकचा हुकूम मोटरला देणारी पेटी; बऱ्याच खुर्च्यांत असलेल्या व्हीआर२ या कंट्रोलरवर एक दिवा लुकलुकला तर बॅटरी किंवा तिची वायर, सहा लुकलुकले तर बहुधा चार्जर लागलेला, सात म्हणजे जॉयस्टिक, नऊ म्हणजे पार्किंग ब्रेकची जोडणी. बाकी कंट्रोलरचा हिशेब त्यांच्या त्यांच्या पुस्तिकेत.

एका बाबतीत मात्र घाई नकोच. चढावर व्होल्टेज कोसळलं की कंट्रोलर बंद होतो आणि ब्रेक आपोआप लागतो. या ब्रेकला वीज लागते ती सुटण्यासाठी, धरून तो स्प्रिंगने ठेवतो. म्हणजे खुर्ची जागच्या जागी उभी राहते, मागे घसरत नाही. घसरते ती मदतीला धावलेला सज्जन खटका मोकळा करतो तेव्हा. आधी मागून घट्ट धरायला दोन माणसं, मग खटका. हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगावं लागलं तरी चालेल.

गेलीच असं ठरलं तर दोन्ही बदला. "एकच गेलीय, एकच घ्या" हे काटकसरीचं वाटतं, पण जोडीतला करंट दोघींतून सारखाच जातो. जुनी आधी रिकामी होते, आधी भरते, आणि नवीला आपल्या पायरीवर ओढून आणते. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या, शक्यतो एकाच महिन्यात तयार झालेल्या. गाडीची बॅटरी स्वस्त पडते म्हणून बसवणाऱ्यांना तर मी ओळखही दाखवत नाही. ती स्टार्टर दोन सेकंद फिरवण्यासाठी असते, तासन् तास खुर्ची ओढण्यासाठी नाही. आणि सीलबंद बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं नसतं, ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत.

बॅटरी लवकर का जाते याची मुळं दोन. एक म्हणजे "पूर्ण उतरू द्यावी, मगच चार्ज करावी" हा सल्ला. तो जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या जमान्यातला. शिशाच्या बॅटरीला तो विषासारखा. थोडं फिरलात तरी रात्री चार्जर लावाच. गावाला जाणार असाल तर खुर्ची भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा कुणाकडून तरी चार्ज करून घ्या. दुसरं मूळ उष्णता. मी नागपूरची, इथे मे महिन्यात बाल्कनीत खुर्ची ठेवणं म्हणजे बॅटऱ्या तव्यावर ठेवणं. साधारण दर दहा अंश जास्तीच्या उष्णतेला आयुष्य निम्मं होतं असा ठोकताळा आहे. खुर्ची घरात, सावलीत घ्या.

लिथियमवाल्या घडीच्या खुर्च्यांना वरचं बरंचसं लागू नाही. त्यांच्यातल्या काहींची पातळी शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहते आणि मग आतलं संरक्षक सर्किट एका झटक्यात तोडतं, म्हणून दिव्यांवर आणखीच कमी विश्वास ठेवायचा, अंतर मोजायचं. शिशाच्या बॅटरीचा चार्जर त्यांना लावायचा नाही, पिन बसली तरी नाही.

नव्या बॅटऱ्या आल्या की मार्करने दोन्हींवर तारीख लिहा, आणि पहिल्या आठवड्यात चार्जर हिरवा व्हायला किती तास लागतात ते कॅलेंडरवर टिपून ठेवा. पुढे ताडून बघायला तोच आकडा लागतो. जुन्यांपैकी एक "अजून बरी आहे" म्हणून घरी ठेवून घ्यायचा मोह होईल. दोन्ही दुकानदाराला द्या, शिशाचे पैसे वळते करून घ्या.