कासचं फूल, भिगवणचा रोहित आणि कॅमेऱ्यात शिरणारा उजेड

ऑगस्ट संपत आला की कासला फुलं बघायला जाणाऱ्यांची आणि दिवाळी सरली की भिगवणला पक्षी बघायला जाणाऱ्यांची एकच चौकशी सुरू होते. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, घ्यावा की खिशात मावणारा छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा पुरेल? दुकानदार या प्रश्नाचं उत्तर मेगापिक्सेलमध्ये देतो. मला ते उत्तर पटत नाही. कॅमेरा म्हणजे शेवटी उजेड गोळा करण्याचं यंत्र. तो उजेड केवढ्या भोकातून आत येतो, केवढ्या जागेवर पसरतो आणि त्याला किती वेळ मिळतो, हे कळलं की निवड बरीच सोपी होते. आणि हा हिशोब मांडला तर दर वेळी मोठाच कॅमेरा जिंकतो असंही नाही.

पूर्वी जिथे फिल्म असायची तिथे आता सेन्सर असतो. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातला सेन्सर 6.2 मिलिमीटर रुंद आणि 4.6 मिलिमीटर उंच असतो. क्षेत्रफळ साधारण 28 चौरस मिलिमीटर. बहुतेक डीएसएलआरमध्ये जो एपीएस-सी सेन्सर असतो तो 23.5 बाय 15.6 मिलिमीटरचा, म्हणजे 367 चौरस मिलिमीटर, छोट्याच्या तेरा पट. फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा, तो तीस पटीहून मोठा. माप इंचात सांगितलं तर मात्र त्यावर विसंबू नका. ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा असतो, त्याचा कर्णसुद्धा 16 मिलिमीटरच भरतो. टीव्हीच्या जुन्या कॅमेऱ्यांत ज्या निर्वात नळ्या असायच्या, त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून ही मापं रूढ झाली आणि नळ्या गेल्या तरी तशीच राहिली. माहितीपत्रकात मिलिमीटरमधलं माप शोधायचं.

क्षेत्रफळाला एवढं महत्त्व का, याचं कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. प्रकाश सलग धार धरून येत नाही, त्याचे कण, म्हणजे फोटॉन, सुटे सुटे येऊन पडतात. वळवाचे पहिले थेंब अंगणातल्या फरश्यांवर पडतात तेव्हा शेजारशेजारच्या दोन फरश्यांवर सारखे थेंब कधीच नसतात. सर वाढून फरशीगणिक हजारो थेंब पडले की तो फरक डोळ्यांना दिसेनासा होतो. सेन्सरवर नेमकं हेच घडतं. एका पिक्सेलवर, म्हणजे सेन्सरवरच्या एका बारक्या चौकोनावर, सरासरी 100 फोटॉन पडणार असतील तर प्रत्यक्ष आकडा साधारण 10 ने इकडेतिकडे होतो, म्हणजे दहा टक्क्यांची चूक. 10,000 फोटॉन पडणार असतील तर फरक 100 चा, म्हणजे एकच टक्का. अंधारातल्या फोटोत आकाशावर, गालावर जो रवाळपणा दिसतो तो बराचसा या मोजणीतल्या चढउताराचा असतो. कंपनीने सेन्सर कितीही चांगला बनवला तरी हा भाग जात नाही, कारण तो प्रकाशातच आहे. त्याला उपाय एकच : जास्त फोटॉन गोळा करा. एकाच उजेडात, एफ क्रमांक (लेन्सचं भोक किती उघडं आहे त्याचा आकडा, तो जितका लहान तितकं भोक मोठं) आणि शटरचा वेग (उजेडाला किती वेळ मिळतो ते) सारखाच ठेवून, मोठ्या सेन्सरला तेरा पट प्रकाश मिळतो आणि त्याचा फोटो साडेतीन पटींहून अधिक स्वच्छ येतो. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये धावणारं पोर, कार्यालयातला संध्याकाळचा समारंभ, नाटकाचा रंगमंच, अशा ठिकाणी डीएसएलआर का उजवा ठरतो ते यावरून कळेल. तिथे वाद नाही.

कासच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या खडकाळ पठारावर, मात्र हिशोब उलटतो, आणि तो कसा उलटतो हे नीट बघण्यासारखं आहे.

सप्टेंबरमध्ये जांभ्या दगडावरच्या पातळशा मातीत सीतेची आसवं फुलतात. जांभळं फूल, जेमतेम सेंटिमीटरभर, आणि देठ इतका बारीक की वाऱ्यावर सतत हलतो. हे झाड मुळांशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांतून चिमुकले जीव पकडून खातं, कारण त्या मातीत नायट्रोजन फार कमी. अशा फुलाचा फोटो घ्यायचा तर पाकळीच्या टोकापासून मागच्या शेंड्यापर्यंत सगळं स्पष्ट दिसायला हवं. इथे अडचण येते ती फोकसच्या खोलीची. फोकसच्या पुढेमागे असलेल्या बिंदूपासून निघालेले किरण लेन्सच्या भोकातून शंकूच्या आकारात आत येतात आणि सेन्सरवर बिंदूऐवजी ठिपका उमटवतात. भोक रुंद तर शंकू रुंद, ठिपका मोठा, चित्र धूसर. म्हणजे खोलीभर स्पष्टता हवी तर भोक लहान पाहिजे.

आता आकडे घालून बघू. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स 4.3 मिलिमीटर नाभीय अंतराची (फोकल लेंथची) आहे आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ 2.8 ला उघडलेलं आहे. नाभीय अंतराला एफच्या आकड्याने भागलं की भोकाचा व्यास निघतो, साधारण दीड मिलिमीटर. तेवढंच दृश्य डीएसएलआरमध्ये बसवायला 16 मिलिमीटरची लेन्स लागते. तिचं भोकही दीड मिलिमीटर करायचं, म्हणजे फुलावर दोघांची स्पष्टता सारखी होईल, तर अॅपर्चर एफ 10 च्या पलीकडे बंद करावं लागतं. आता दोन्ही कॅमेऱ्यांत उजेड शिरतोय तो एकाच मापाच्या भोकातून. म्हणजे एकूण उजेड सारखाच! फक्त डीएसएलआरमध्ये तो तेरा पट जागेवर पसरून फिका पडतो. शटरचा वेग तोच ठेवायचा तर छोट्या कॅमेऱ्यात आयएसओ (मिळालेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो तो आकडा) 100 असताना मोठ्यात तो 1300 च्या घरात न्यावा लागेल, आणि तसं केलं की रवाळपणाही साधारण तेवढाच येतो. मोठ्या सेन्सरचा सगळा फायदा खोली विकत घेण्यात खर्च होऊन जातो.

शटर जास्त वेळ उघडं ठेवून ही भरपाई करता येईल का? स्टुडिओत येईल. कासच्या वाऱ्यात फूल स्थिर नसतं, तेव्हा ट्रायपॉडने कॅमेरा थांबतो, फूल थांबत नाही. शिवाय अनेक कॉम्पॅक्ट कॅमेरे 1 ते 5 सेंटिमीटरवरून फोकस करतात, तर डीएसएलआरबरोबर मिळणाऱ्या 18-55 मिलिमीटरच्या किट लेन्सला पाव मीटरच्या आसपास अंतर लागतं. जवळून घ्यायचं तर वेगळी मॅक्रो लेन्स विकत घ्यायची. छोट्या कॅमेऱ्याने एवढ्या जवळून, रुंद कोनातून घेतलेल्या फोटोत फूल पुढे मोठं दिसतं आणि मागे सडा, धुकं, डोंगराची कडा असा त्याचा सगळा मुलूख येतो. मला हे फोटो धूसर हिरव्या पार्श्वभूमीवरच्या एकट्या फुलापेक्षा जास्त आवडतात, कारण झाड कुठे राहतं ते त्यात कळतं. आणि हात लांब करून, वाटेवर उभं राहूनच फोटो घेता येतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावण्यासाठी सड्यावर पोटावर झोपणारे लोक दर हंगामात दिसतात. त्यांच्या अंगाखाली जी झाडं चिरडतात ती बी धरत नाहीत. कास 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. एका फोटोसाठी तिथलं ताटवाभर फूल मोडावं असा कोणताही कॅमेरा नाही.

पार्श्वभूमी मुद्दाम विरघळवून टाकायची असेल, माणसाचा चेहरा तेवढा उठून दिसायला हवा असेल, तर छोटा कॅमेरा कमी पडतो. दीड मिलिमीटरच्या भोकातून ते होणं शक्य नाही. ते काम मोठ्या लेन्सचंच.

भिगवणला प्रश्न वेगळा. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात, कुंभारगावच्या काठावरून होडीने त्यांच्या जवळ जाता येतं, पण फार जवळ जाऊ नये आणि चांगला नावाडी नेतही नाही. लांबचा पक्षी मोठा दिसायला हवा म्हणून लोक झूमचा आकडा बघतात. 2015 साली आलेल्या निकॉनच्या पी 900 या कॅमेऱ्याने 83 पट झूम देऊन पक्षी बघणाऱ्यांत खळबळ उडवली होती. खिशात मावणारा नव्हे, तरी आतला सेन्सर तोच कॉम्पॅक्टमधला, 28 चौरस मिलिमीटरचा. त्याची लेन्स पूर्ण झूमला 357 मिलिमीटर आणि एफ 6.5. भागाकार करा : भोक 55 मिलिमीटरचं. डीएसएलआरला सर्रास लावतात ती 70-300 ची लेन्स 300 ला एफ 5.6 असते, तिचं भोक 54 मिलिमीटरचं. लांबच्या पक्ष्याकडून येणारा किती प्रकाश कॅमेऱ्यात शिरणार हे भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, तेव्हा पाण्यात एका पायावर उभ्या असलेल्या रोहिताकडून दोघांनाही जवळजवळ सारखाच प्रकाश मिळतो. बारकावे किती टिपता येतील याची भौतिक मर्यादाही भोकाच्या व्यासावरच ठरते, म्हणून तीही दोघांची सारखी. एवढ्या झूमला त्या कॅमेऱ्यात प्रकाशाचा बिंदू विवर्तनामुळे, म्हणजे भोकातून जाताना प्रकाश फाकतो त्यामुळे, सुमारे 8.7 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चकतीएवढा पसरतो, आणि पिक्सेल असतो 1.3 मायक्रॉनचा. एकेका बिंदूत सहाहून जास्त पिक्सेल आडवे बसतात. सोळा मेगापिक्सेलचा आकडा तिथे नावापुरताच.

म्हणजे उभ्या पक्ष्यासाठी डीएसएलआर घेऊन साधी झूम लेन्स लावणं यात प्रकाशाचा म्हणावा तेवढा फायदा नाही. फायदा हवा तर 500 मिलिमीटर एफ 4 सारखी लेन्स हवी. तिचं भोक 125 मिलिमीटरचं, पाच पटींहून जास्त उजेड. तिचं वजन तीन किलोंच्या आसपास आणि किंमत लाखांत. हलत्या होडीत ती तासभर हातात धरायची आहे, हे घेण्याआधी लक्षात असू द्या.

थवा उडाला की मात्र डीएसएलआर कशासाठी बनवला ते कळतं. लेन्सच्या मागे 45 अंशात एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर फेकतो आणि प्रिझममधून तो थेट तुमच्या डोळ्यात येतो, मध्ये कोणताही पडदा नाही, त्यामुळे जे घडतंय ते त्याच क्षणी दिसतं. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. तिथून थोडा प्रकाश मागच्या छोट्या आरशावर जाऊन कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरवर पडतो. लेन्सच्या समोरासमोरच्या दोन कडांमधून आलेल्या प्रतिमा हा सेन्सर ताडून बघतो. त्या किती आणि कोणत्या बाजूला सरकल्या आहेत यावरून फोकस पुढे चुकलाय की मागे, आणि किती, हे एकाच वाचनात कळतं आणि लेन्स सरळ त्या जागी जाते. बहुतेक साध्या कॉम्पॅक्टमध्ये अशी सोय नसते. तिथे लेन्स थोडी पुढे नेऊन चित्र जास्त ठळक झालं का बघायचं, मागे आणून पुन्हा बघायचं, असं चाचपडत फोकस मिळतो. ताशी 50 किलोमीटरने उडणारा पक्षी एका सेकंदात जवळपास 14 मीटर पुढे जातो. चाचपडायला तो वेळ देत नाही. आणि बटण दाबल्यावर आरसा वर, शटर उघडून बंद, आरसा खाली, हा सगळा खेळ निकॉनचा डी 500 सेकंदाला दहा वेळा करतो. यांत्रिक कारागिरी म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं.

मग हा आरसा जातोय का? हो. कॅनन आणि निकॉन यांचे सर्वांत वरचे डीएसएलआर 2020 साली आले आणि त्यानंतर दोघांनी नवा डीएसएलआर काढलेला नाही. फोकसची तीच युक्ती आता मुख्य सेन्सरवरच्या पिक्सेलमध्ये बसवता येते, म्हणून आरशाची गरज उरली नाही आणि मिररलेस कॅमेरे आले. कॉम्पॅक्टला फोनने गाठलं. 2010 मध्ये जगभर 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, 2023 मध्ये 80 लाखही नाहीत. फोनचं भोक छोटंच, पण तो एकामागून एक अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतो, म्हणजे उजेड वेळेतून गोळा करतो. स्थिर दृश्यात ते छान जमतं.

या बदलामुळे चांगले डीएसएलआर सेकंडहँड बाजारात येऊ लागले आहेत, आणि उडते पक्षी, खेळ, नाटक यांसाठी पैसे बेताचे असतील तर माझ्या मते हा सौदा आज सर्वांत चांगला आहे. घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, विचारा. साध्या मॉडेलचं शटर साधारण एक लाख फोटोंसाठी बनवलेलं असतं. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, आणि काचेवरच्या लेपापर्यंत ती पोचली असेल तर साफ करूनही डाग राहतो. अशी लेन्स स्वस्तात मिळाली तरी सोडा. मग कॅमेरा घेऊन दुकानाच्या पायरीवर या, फोकस सलग पाठलागाच्या मोडवर ठेवा आणि समोरून येणाऱ्या रिक्षेचे दहा-बारा फोटो लागोपाठ काढा. पडद्यावर पूर्ण मोठे करून नंबरप्लेट बघा. फोटोगणिक आकडे नीट वाचता आले तर आरसा आणि फोकसचा सेन्सर जागेवर आहेत. एकाआड एक धूसर येत असतील तर दुसरी लेन्स लावून पुन्हा काढा, म्हणजे दोष लेन्समध्ये आहे की बॉडीत ते तिथेच कळेल.