स्वरयंत्राच्या कॅन्सरला सुरी लागली की तो पसरतो का?

"गाठले सुरी लागनी का कॅन्सर पसरस," हे खान्देशात ओट्यावर आणि फॉरवर्डमध्ये वर्षानुवर्षं फिरतंय. स्वरयंत्राच्या कॅन्सरबाबत तरी ते खरं नाही. तसं का वाटतं, हे मात्र समजण्यासारखं आहे. आवाज बसला की आपण आधी हळद-मिठाच्या गुळण्या करतो, कापसाच्या हंगामातल्या धुळीला दोष देतो, बिडीला नाही. दवाखाना गाठेपर्यंत आजार बाहेर पडलेला असतो, आणि तो ऑपरेशननंतर दिसला की बोट सुरीकडे जातं.

वाट कॅन्सर स्वतःच काढतो. स्वरतंतूंत लसिकावाहिन्या (लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या; कॅन्सरच्या पेशीही त्यांतून पुढे जातात) विरळ, म्हणून तिथली गाठ बराच काळ जागेवर राहते. शिवाय आवाज लवकर घोगरा होतो. तंतूंच्या वरच्या भागात मात्र वाहिन्यांचं दाट जाळं असतं. तिथून मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथी फार दूर नाहीत. कधी गाठ कंठाची कूर्चा, म्हणजे तिथलं लवचिक हाड, पोखरून थायरॉइडपर्यंत जाते.

ऑपरेशन केवढं, ते यावर ठरतं. लहान गाठ लेझरने निघते, किंवा नुसत्या रेडिएशननेही जाते. कूर्चेबाहेर गेली, तर बहुधा पूर्ण स्वरयंत्र काढावं लागतं, आणि श्वासासाठी गळ्यात कायमचं छिद्र.

पडताळायचंय? ऑपरेशनआधीचा सीटी स्कॅनचा रिपोर्ट काढा. कूर्चा, मानेच्या ग्रंथी यांचा उल्लेख बघा, मग वरची तारीख. आणि आवाज 3 आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने घसा बघून घ्या.