भूदृश्य आनुवंशिकी आणि उभयचर संवर्धन (नाशिक परिसराच्या संदर्भात)

डोंगर, ओढे, शेते, रस्ते आणि वस्त्या यांनी घडलेला भूभाग तिथल्या प्राण्यांच्या जनुकांची देवाणघेवाण कशी घडवतो किंवा अडवतो, याचा अभ्यास म्हणजे भूदृश्य आनुवंशिकी. स्टेफनी मानेल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या शाखेला हे नाव दिले. अंतर वाढते तसे समूह जनुकीयदृष्ट्या एकमेकांपासून दुरावतात, हे स्यूअल राइट यांनी १९४३ मध्येच मांडले होते. त्या अंतरात नेमके आहे काय, हा प्रश्न या शाखेने पुढे आणला.

बेडकाच्या बाबतीत हा प्रश्न फार मोलाचा आहे. बेडकाची त्वचा पातळ आणि ओली असते. तो तिच्यातूनही श्वास घेतो आणि कोरड्यात लवकर सुकतो. पावसाळ्यात भातखाचरांच्या बांधांवरून किलोमीटरभर जाणे त्याला जमू शकते. तेवढेच तापलेले डांबर जिवावर बेतते. २०२३ च्या जागतिक मूल्यांकनानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. पृष्ठवंशीयांच्या दुसऱ्या कोणत्याही वर्गाची स्थिती इतकी वाईट नाही.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधल्या ब्रायटन शहराचे आहे. हिचिंग्ज आणि बीबी यांनी १९९७ मध्ये तिथल्या साध्या बेडकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शहरातील तळी एकमेकांपासून सरासरी २.३ किलोमीटरवर होती, तर तुलनेला घेतलेली ग्रामीण तळी सरासरी ४१ किलोमीटरवर. तरीही शहरी समूहांमधला जनुकीय फरक ग्रामीण समूहांमधल्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. शहरी डिंभांमध्ये (बेडूकमाशांमध्ये) मृत्यू आणि व्यंगे यांचे प्रमाणही जास्त होते. तळी शाबूत होती, पण मधली जमीन बंद झाली होती.

नाशिक जिल्हा अशा अभ्यासासाठी जणू मांडून ठेवलेला आहे. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला येवला-नांदगावकडे तो ५००–६०० मिलिमीटरपर्यंत उतरतो. ब्रह्मगिरी आणि अंजनेरीच्या कातळावर पावसाळी डबकी साचतात, घोटी-इगतपुरीकडे भातखाचरे आहेत, दिंडोरी-निफाडला द्राक्षबागा, तर खाली गोदावरीवर नांदूर मधमेश्वरचे पाणथळ, म्हणजे महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर पिवळेधमक होऊन ओरडणारे बुलफ्रॉगचे नर शेताशेतांत दिसतात. पण त्यांचा आवाज मोठा, म्हणून समूहही मोठा, असे धरू नये. एक मादी हजारो अंडी घालते, त्यामुळे एका डबक्यातली सगळी पिल्ले मोजक्याच आईबापांची असू शकतात. जनुकीय हिशेबात मोजायचे ते हे आईबाप.

काळाचे गणितही इथे नीट मांडता येते. थळ घाट चढून रेल्वे १८६५ मध्ये इगतपुरीला आली. बेडकाची पिढी दोन-तीन वर्षांची धरली, तर तेव्हापासून पन्नासेक पिढ्या सहज झाल्या. रुळांनी समूह तोडले असतील तर त्याची खूण एव्हाना जनुकांत उतरलेली असेल. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीकडचा शेवटचा टप्पा मात्र २०२५ मध्ये खुला झाला. त्याचा परिणाम आज जनुकांत शोधला तर हाती काही लागणार नाही, आणि त्यावरून ‘रस्त्याने काही बिघडले नाही’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. याच मार्गावर कसारा-इगतपुरीदरम्यान सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. बोगद्यावरचा डोंगरउतार सलग राहतो, त्यामुळे उघडा रस्ता आणि बोगदा यांची तुलना काही दशकांनी फार उपयोगी ठरेल. त्यासाठी नमुने मात्र आत्ताच घेऊन ठेवायला हवेत.

नमुना म्हणून बेडकाच्या तोंडात फिरवलेला कापसाचा बोळा किंवा डिंभाच्या शेपटीचे टोक पुरते. डीएनएवरील ठरावीक खुणा तपासून समूहांतला फरक काढतात. मग भूभागाच्या नकाशावर प्रत्येक चौकोनाला बेडकाच्या वाटेतला ‘अडथळा’ म्हणून आकडा देतात: ओढ्याला कमी, काँक्रीटला जास्त. वीज तारांच्या जाळ्यातून वाहते तशी जनुके या नकाशातून वाहतात असे मानून गणित करण्याची पद्धत ब्रॅड मॅकरे यांनी २००६ मध्ये मांडली.

संवर्धनात याचा उपयोग थेट आहे. नाशिक शहरात नंदिनी, वालदेवी आणि वाघाडी या नद्यांचे काठ हेच बेडकांसाठी उरलेले रस्ते ठरू शकतात. ते भिंती घालून बांधून काढले, तर काठांवरची ओल आणि झुडपे जातात. शेतातले बांध, नाले, रस्त्याखालच्या मोऱ्या यांचेही तेच. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या गुळगुळीत उतारावरून बेडकाला वर येणे अवघड जाते. काठाला खडबडीत दोर किंवा जाळी सोडणे हा स्वस्त उपाय आहे. तुटलेल्या समूहांत बाहेरचे बेडूक आणून सोडण्याचा मोह मात्र टाळावा. १९९९ मध्ये वर्णन झालेली आणि जगभर बेडकांचा नाश करणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही नोंदली गेली आहे. हलवलेल्या बेडकाबरोबर तीही प्रवास करते.