वैद्यकीय तटस्थता

युद्धकाळात जखमी कोणत्या बाजूचा आहे हे न पाहता डॉक्टर-परिचारिकांनी उपचार करायचे आणि लढणाऱ्या पक्षांनी त्यांना व रुग्णालयांना हात लावायचा नाही, या बंधनाला वैद्यकीय तटस्थता म्हणतात. 1859 मध्ये इटलीतील सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमींचे झालेले हाल स्विस व्यापारी आंरी द्यूनां यांनी पाहिले. त्यांच्या पुढाकारातून रेड क्रॉस उभी राहिली आणि 1864 चा पहिला जिनीव्हा करार झाला.

डॉक्टरला राजकीय मत असू नये, असे हा कायदा म्हणत नाही. लष्करी डॉक्टर तर एका सैन्याचा गणवेशच घालतो. मात्र 1949 च्या करारानुसार आधी कोणाला तपासायचे हे त्याने केवळ वैद्यकीय निकडीवरून ठरवायचे असते. शत्रूच्या शिपायाच्या मांडीतून रक्त वाहत असेल आणि आपल्या अधिकाऱ्याचा हात मोडला असेल, तर टेबलावर आधी शिपाई. जखमींकडून काढून घेतलेल्या बंदुका दवाखान्यात सापडल्या, एवढ्यावरून त्याचे संरक्षण जात नाही. वैद्यकीय नीतीला धरून केलेल्या उपचारांबद्दल, रुग्ण कोणीही असो, शिक्षा करण्यास जिनीव्हा करारांना जोडलेल्या 1977 च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलने (पूरक कराराने) मनाई केली.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. जपानी आक्रमणाविरुद्ध त्यांनी उघड बाजू घेतली, कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीबरोबर काम केले आणि 1942 मध्ये ते पक्षाचे सदस्यही झाले. त्यांना तटस्थ म्हणणे चुकीचे ठरेल. पण बाजू घेतल्याने डॉक्टर म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही.

खरा पेच मौनाचा आहे. नाझी अत्याचारांबद्दल जाहीर आवाहन करायचे नाही, असे रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने ऑक्टोबर 1942 मध्ये ठरवले. युद्धकैद्यांच्या छावण्यांमधला प्रवेश टिकवण्यासाठी गप्प बसण्याची ही किंमत फार मोठी होती. नायजेरियातील बियाफ्रा युद्धात (1967-70) काम केलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांना हे मौन पटेना. 1971 मध्ये ‘मेदसँ सां फ्राँतिएर’ (सीमा न मानणारे डॉक्टर) ही संघटना स्थापणाऱ्यांत ते होते. पाहिलेले बोलून दाखवणे हाही तिने कामाचा भाग मानला.

या संघटनेच्या अफगाणिस्तानातील कुंदुझ येथील रुग्णालयात तालिबान आणि सरकारी सैनिक, दोघांवरही उपचार होत. त्याचे नेमके ठिकाण अमेरिकी सैन्याला आधीच कळवलेले होते. तरी 3 ऑक्टोबर 2015 च्या पहाटे अमेरिकी विमानाने त्यावर मारा केला आणि 42 जण मृत्युमुखी पडले. अमेरिकी सैन्याने 16 जणांवर शिस्तभंगाची कारवाई केली. फौजदारी खटला कोणावरही भरला नाही.