बटण गुलाबाचं नवं वाण: नोंदणीचा अर्ज गोव्यातून कसा करावा

परसातल्या कुंडीत स्वतः संकर केला, बी धरलं, ते रुजलं आणि त्यातल्या एका रोपाला आजवर कुठे न पाहिलेलं फूल आलं, की पहिली ओढ असते ती त्याची रोपं करून विकायची. तेवढं थांबवा. मी नेमका तिथेच चुकलो. डिचोलीजवळ आमच्या घरी फुललेल्या शेंदरी बटण गुलाबाची चाळीस रोपं मी जत्रेत एका स्टॉलवर विकायला दिली आणि अर्जाचा विचार केला तो पावणेदोन वर्षांनी. तोवर कायद्याच्या नजरेत ते वाण नवं उरलं नव्हतं. माझ्यासारखी वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून ही माहिती.

गुलाबाचं पेटंट मिळत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) ने झाडं, बियाणी आणि वाणं त्यातून वगळली आहेत. आपल्या कामाचा कायदा वेगळा: वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. त्याखालचं प्राधिकरण २००५ मध्ये स्थापन झालं. मुख्यालय दिल्लीत पुसा परिसरात आहे, आणि आपल्याला जवळची शाखा पुण्यात. या कायद्याखाली नोंदणीसाठी अधिसूचित झालेल्या पिकांत गुलाब आहे, आणि मिनिएचर गुलाब, म्हणजे आपला बटण गुलाब, त्याच पिकात मोडतो.

अर्ज कोण करू शकतं

वाण तयार करणारी व्यक्ती, तिचा वारस, तिने लेखी हक्क दिलेला माणूस, शेतकरी किंवा शेतकऱ्यांचा गट, विद्यापीठ, सरकारी कृषी संस्था. जमीन असलीच पाहिजे अशी अट नाही. पणजीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत दहा कुंड्या असल्या तरी तुम्ही 'पैदासकार' ठरू शकता.

शेतकरी असाल तर कलम ४४ नुसार प्राधिकरणापुढच्या कामकाजाचं शुल्क माफ आहे. म्हणून कृषी कार्ड आणि एक-चौदाचा उतारा हाताशी असू द्या. पण एक गल्लत टाळा. 'शेतकऱ्यांचं वाण' म्हणजे शेतात परंपरेने टिकून घडत आलेलं वाण. त्याचा अर्ज सोपा असतो. तुम्ही चिमटा घेऊन मुद्दाम केलेला संकर त्यात बसत नाही. तो 'नवं वाण' म्हणूनच दाखल करावा लागतो, मग करणारा शेतकरी का असेना.

पात्रतेच्या चार कसोट्या

नवेपणा, वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता. शेवटच्या तिघींना कृषी खात्यातली मंडळी इंग्रजी आद्याक्षरांवरून एका दमात 'डीयूएस' म्हणतात.

नवेपणाचं गणित तारखेचं आहे. तुमच्या संमतीने ते वाण भारतात विकलं किंवा व्यापारासाठी दिलं गेलं असेल, तर त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे. परदेशातल्या विक्रीला कायदा जास्त सवड देतो: झाडं-वेलींना सहा वर्षं, इतर पिकांना चार. घरच्या घरी चाचणी म्हणून लावलेल्या रोपांनी नवेपणा जात नाही. मुदत उलटलीच, तर 'सर्वांच्या माहितीतलं वाण' या वर्गात अर्ज करता येतो. तिथे नवेपणा पाहत नाहीत, डीयूएस मात्र पाहतात. माझ्या शेंदरी गुलाबाला आता तीच वाट आहे.

एकसारखेपणा आणि स्थिरता गुलाबात तुलनेने सोपी, कारण आपण रोपं बियांपासून नाही, फांद्या खोचून करतो. एका रोपाच्या पंचवीस फांद्या रुजवल्या तर पंचवीसही फुलं सारखी यायला हवीत. एखाद्यात वेगळा रंग डोकावला तर ते लपवू नका, वहीत लिहा.

आणखी एक प्रसंग गुलाबात वारंवार येतो. तुम्ही संकर केलेलाच नसतो. नर्सरीतून आणलेल्या झाडाच्या एका फांदीला अचानक दुसऱ्याच रंगाची फुलं येतात. अशी फांदी वेगळी वाढवली तर तिची नोंदणी होते, पण 'मूलतः साधित वाण' म्हणून, फॉर्म दोनवर. मूळ वाण कुणाच्या नावे नोंदलेलं असेल तर आपलं वाण बाजारात आणण्याआधी त्या माणसाची परवानगी घ्यावी लागते. याउलट नोंदलेल्या वाणाचे पराग घेऊन नवा संकर करायला कलम ३० मोकळीक देतं.

आई-बापाची नोंद

अर्जात जनक वाणांची सविस्तर माहिती मागतात: नाव, कुठून आणलं, त्यात कुठल्या शेतकऱ्याचा, गावाचा किंवा संस्थेचा वाटा आहे का. शिवाय हे साहित्य कायदेशीर मार्गाने मिळवल्याचं घोषणापत्र द्यावं लागतं. इथे आपण बहुतेक जण अडतो. माझ्या गुलाबाची आई नर्सरीतली, बिलासकट. बाप मात्र म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कागदात गुंडाळून आणलेला, नावगाव नसलेला बटण गुलाब. अशा वेळी नाव ठोकून देऊ नये. आणल्याची तारीख, ठिकाण, झाडाचं वर्णन आणि फोटो, असं खरं ते लिहावं.

म्हणून वही पहिल्या दिवसापासून ठेवा. आपल्याकडे संकर नोव्हेंबरात करावा, म्हणजे साडेतीन-चार महिन्यांत फळ पिकतं आणि पावसाच्या आधी बी हातात येतं. पावसात धरलेली फळं काळी पडून कुजतात. कळी उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी पाकळ्या आणि पुंकेसर काढले, दुसऱ्या सकाळी कुक्षी चिकट झाल्यावर पराग लावले, बटर पेपरची पिशवी बांधली: प्रत्येक गोष्टीची तारीख लिहा. आईचं नाव आधी, बापाचं नंतर. बी किती दिवस फ्रिजमध्ये ठेवलं, कधी रुजलं, पहिलं फूल कधी आलं, हेही.

वर्णन कसं लिहायचं

अर्जाचा जीव इथे आहे. 'सुंदर शेंदरी फूल, छान सुवास' हे वर्णन नव्हे. फॉर्मसोबतच्या तांत्रिक प्रश्नावलीत झाडाची ठेवण, कोवळ्या फुटीचा तांबूसपणा, काट्यांची संख्या, पानाचा आकार आणि हिरवेपणा, टोकाच्या पर्णिकेचा आकार, कळीचा उभा छेद, फुलाचा व्यास, पाकळ्यांची संख्या, पाकळीच्या तळाचा ठिपका, पुंकेसरांचा रंग, सुवास अशी लक्षणं विचारतात. रंग सांगायचा तो रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या रंगपत्रिकेच्या क्रमांकाने.

मी एका जानेवारीत दहा फुलं खुडून पाकळ्या वर्तमानपत्रावर मांडून मोजल्या. सत्तावीस ते एकतीस आल्या, व्यास साडेतीन सेंटिमीटर. एप्रिलमध्ये तीच मोजणी केली तर फुलं लहान, पाकळ्या कमी, आणि दुपारपर्यंत शेंदरी रंग विटून गुलाबी. दोन्ही निरीक्षणं खरी आहेत, म्हणून ऋतू आणि वेळ लिहिल्याशिवाय आकडा लिहू नये. रंग सकाळी, सावलीत, अर्धवट उमललेल्या फुलाच्या मधल्या पाकळीवर पाहावा.

सर्वांत जवळचं वाण कोणतं आणि आपलं त्याहून कुठे वेगळं, हेही सांगावं लागतं. ते झाड विकत आणा आणि शेजारी लावा. आठवणीवर तुलना करू नका.

नाव

नुसते आकडे चालत नाहीत, दिशाभूल करणारं किंवा आधीच्या वाणाशी गोंधळ होईल असं नाव चालत नाही. गोवेकरांनी विशेष लक्षात ठेवावं ते हे: भौगोलिक नाव, पूर्ण असो वा अर्धं, कलम १७ नुसार नाकारलं जाऊ शकतं. 'मांडवी शेंदरी' हे माझं लाडकं नाव त्यामुळे धोक्यात आहे. परिस्थिती पाहता असा वापर प्रामाणिक आहे असं वाटलं तर प्राधिकरणाचे निबंधक (रजिस्ट्रार) ते मान्य करू शकतात, पण दुसरं नाव तयार ठेवलेलं बरं.

कागदपत्रं आणि पुढचा प्रवास

नव्या वाणासाठी फॉर्म एक, भरलेली तांत्रिक प्रश्नावली, फोटो, ओळखीचा पुरावा, आणि वाणात टर्मिनेटरसारखं वांझ बी देणारं जनुक नसल्याचं प्रतिज्ञापत्र. हक्क दुसऱ्याकडून मिळाला असेल तर त्याचा पुरावा फॉर्म पीव्ही-२ वर, आणि प्रतिनिधी नेमला तर पीव्ही-१. शुल्काचे दर व्यक्ती, शिक्षणसंस्था आणि कंपनी यांना वेगवेगळे आहेत.

छाननीनंतर तुमची रोपं प्राधिकरणाच्या चाचणी केंद्रावर जातात. ती निरोगी असावीत. आपल्या दमट हवेत पानांवर काळे ठिपके पडलेलं रोप पाठवून आपलंच नुकसान होतं. अर्ज स्वीकारला गेला की तपशील प्राधिकरणाच्या जर्नलमध्ये छापून येतो आणि हरकतीसाठी तीन महिने मिळतात. सगळं पार पडलं की प्रमाणपत्र: झाडं-वेलींना आधी नऊ वर्षं, इतरांना सहा, आणि नूतनीकरण करत कमाल अनुक्रमे १८ आणि १५ वर्षं. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे त्या वाणाचं उत्पादन, विक्री, वितरण, आयात-निर्यात यांचा हक्क तुमचा.

नाव जगभर नोंदायचं असेल तर गुलाबांसाठी ते काम १९५५ पासून अमेरिकन रोझ सोसायटीकडे आहे. त्या नोंदणीने नावाला ओळख मिळते, विक्रीचा हक्क नाही, त्यामुळे ती दिल्लीच्या अर्जाची जागा घेत नाही. दोन्हींकडे नाव, जनक आणि वर्णन एकाच वहीतून, तंतोतंत सारखं उतरवा.